अपडेटनंतर कॉम्प्युटर हळू झालाय? फॉर्मॅट मारायच्या आधी हे बघा

महिन्याचा दुसरा मंगळवार सरला की बुधवारी सकाळी नऊपासून माझा फोन वाजायला लागतो. विंडोजचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी बाहेर पडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. त्यामुळे आपल्या मशीनवर ते उतरतात बुधवारी, ऐन कामाच्या वेळी. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो, आणि दर महिन्याला जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, भरणाऱ्यांची शेवटची तारीख ११. मी इचलकरंजीत गेली सोळा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. गल्लोगल्ली यंत्रमागाचे कारखाने, आणि प्रत्येक कारखान्यात एक दिवाणजी बिलं काढत बसलेला. रिटर्न आणि अपडेट एकाच आठवड्यात आले की या लोकांची काय तारांबळ उडते ते मी दर महिन्याला बघते.

चोवीस मागांच्या एका कारखान्यातून असाच फोन आला. "ताई, मशीन लईच हळू झालंय बघा. एक बिल निघंस्तवर चहा पिऊन हुतोय. काल एकाला दाखवलं, तो म्हणतोय फॉर्मॅट मारावं लागंल."

मी त्यांना म्हटलं, दिवाणजी, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.

फॉर्मॅटला माझा एवढा विरोध का, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी एक डीटीपीवाले माझ्याकडे मशीन घेऊन आले. दुसरीकडून फॉर्मॅट करून आणलेलं. अपडेटनंतर हळू चालतं एवढीच मूळ तक्रार होती. नऊ वर्षांच्या लग्नपत्रिका, अहवाल, गावच्या जत्रेची पत्रकं, सगळं डेस्कटॉपवर ठेवलेलं होतं, आणि डेस्कटॉप हा विंडोज जिथे असतं त्या सी ड्राइव्हचाच भाग असतो आणि फॉर्मॅटमध्ये तोही पुसला जातो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डिस्क पुसून वर नवीन विंडोज टाकलेलं. मी तीन दिवस रिकव्हरी लावून बसले, काही फोटो परत मिळाले, मजकुराच्या फायली उघडल्याच नाहीत. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. फॉर्मॅटला दोन तास लागतात, आणि तपासायला बहुतेक वेळा त्याहून कमी. म्हणून तपासा.

आणि तपासायच्या आधी कामाच्या फायली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर. मशीन कितीही रडत असलं तरी हे पहिलं काम. पुढचं सगळं यानंतर.

मशीनला त्याचं काम संपवू द्या

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट झालं, स्क्रीन आली, म्हणजे अपडेट संपलं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आत बराच पसारा आवरायचा बाकी असतो. जुन्या फायली बाजूला काढणं, शोधाची सूची ताजी करणं, काही प्रोग्रॅम त्या मशीनसाठी नव्याने तयार करून ठेवणं, व्हायरस तपासणी. हे सगळं मागच्या मागे चालतं. दिवाणजींना मी मागाच्या भाषेत सांगितलं: नवा बीम आला म्हणून लगेच कापड निघतं का? आधी वहिफणी व्हायला लागते, बीमवरचा एकेक धागा ओवून घ्यायला लागतो. त्यांना एका वाक्यात पटलं.

हे काम चालू आहे की नाही ते डोळ्यांनी बघता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसेसच्या यादीत वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे रकाने दिसतात. डिस्क या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त डिस्क खाणारं नाव वर येतं. दिवाणजींच्या मशीनवर डिस्क १०० टक्के, रकाना लालभडक, आणि यादीत वर विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर. त्याच्या खाली अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल. कधी सर्च इंडेक्सर असतो, कधी डॉटनेट रनटाइम ऑप्टिमायझेशन सर्व्हिस. ही नावं वर दिसली तर घाबरू नका आणि एंड टास्कही करू नका. अर्धवट मारलेलं काम ते पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून करतं.

यावर उपाय म्हणजे मशीन एक रात्र चालू ठेवणं. विंडोजची स्वतःची देखभाल ठरलेली असते रात्री दोनला, आणि आपण तर रोज सात वाजता बटण बंद करून घरी जातो. मग ते काम सकाळी आपण बिल काढायला बसलो की डोकं वर काढतं. म्हणून अपडेटच्या दिवशी लॉगिन करून, सगळी कामं सेव्ह करून, फक्त मॉनिटर बंद करा. सेटिंग्जमधल्या पॉवरमध्ये जाऊन स्लीप त्या रात्रीपुरती नेव्हरवर ठेवा. यूपीएस असेल तर तो चालू आहे ना बघा. एसएसडीवर, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या नव्या प्रकारच्या डिस्कवर, हे सगळं तासाभरात उरकतं. जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवस गेलेला मी पाहिला आहे.

सकाळी शटडाउन नको, रीस्टार्ट करा. दोन्हींत फरक आहे, आणि तो फार लोकांना माहीत नसतो. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे खाली अप टाइम लिहिलेला असतो. रोज न चुकता मशीन बंद करणाऱ्या माणसाच्या मशीनवर तिथे एकोणीस दिवस दिसलेले मी पाहिलेत. रीस्टार्ट केलं की गाभा नव्याने उभा राहतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

रात्र उलटूनही हळूच असेल तर

दिवाणजींच्या मशीनची डिस्क दुसऱ्या दिवशी तीन-चार टक्क्यांवर आली होती. तरी बिल रखडतच निघत होतं. मग मी सीपीयूचं पान उघडलं. तिथे दोन आकडे असतात. बेस स्पीड, म्हणजे त्या प्रोसेसरची नेहमीची चाल, आणि स्पीड, म्हणजे आत्ता तो कितीने चालतोय. बेस स्पीड होती ३.६० गिगाहर्ट्झ. मी मुद्दाम चार-पाच प्रोग्रॅम एकदम उघडले. काम वाढलं की स्पीड चढायला हवी, ती उलट उतरली, १.१० वर. कॅबिनेटवर हात ठेवला तर चहाच्या किटलीसारखं गरम.

झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात, त्यातून वारा जावा लागतो. त्या पात्यांवर कापसाच्या तंतूचा असा थर बसला होता की चिमटीत धरून ओढल्यावर तो अख्खा निघाला, बोटभर जाड, पंख्याच्या गोल आकाराचा, उशीतल्या कापसासारखा दाबून बसलेला. ज्या खोलीत भिंतीपलीकडे चोवीस माग चालतात तिथे दुसरं काय होणार? हा थर अपडेटच्या आदल्या दिवशीही होताच. रोजच्या बिलांना प्रोसेसरला फारशी मेहनत पडत नव्हती, म्हणून निभावत होतं. अपडेटने चोवीस तास त्याला राबवलं, तो तापला, आणि स्वतःला जळण्यापासून वाचवायला त्याने चाल कमी केली. दोष अपडेटचा दिसला, अडचण जुनी होती.

साफ करायची पद्धत सांगते. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा. कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. थर ब्रशने सैल करा, कापड वापरू नका. पंखा उतरवलात तर खालची जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी थर्मल पेस्ट लावावी लागते, वाटाण्याएवढी पुरते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी अशा यंत्रमागाच्या गावात असाल, किंवा पिठाच्या गिरणीजवळ, तर हे दर तीन महिन्यांनी करा. माझ्या पाहण्यात कापसाएवढा चिवट कचरा दुसरा नाही.

लॅपटॉपवाल्यांनी हाच स्पीडचा आकडा बघावा. तो ०.७८ किंवा ०.७९ वर अडकून राहिला असेल तर बऱ्याचदा लॅपटॉपला चार्जर ओळखता येत नाही. दुसरा, त्याच वॅटचा चार्जर लावून बघा.

डिस्क कायमच १०० टक्के?

आता सगळ्यात मोठ्या कारणाकडे येते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी किंवा एसएसडी लिहिलेलं असतं. एचडीडी, म्हणजे हार्ड डिस्क, असेल तर पुढचं नीट वाचा.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारं डोकं इकडून तिकडे सरकतं. डेस्कटॉपची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० वेळा. डोकं योग्य जागी सरकायचं, मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबायचं. या सगळ्याला एका वेळेस दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या फायली वाचायच्या तर सेकंदाला शंभरही होत नाहीत. लॅपटॉपच्या ५४०० वाल्या डिस्कचं तर त्याहून कमी. आणि अपडेटनंतरचं काम म्हणजे अशा हजारो छोट्या फायली. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून ती हेच काम कित्येक पटींनी लवकर करते. आजचं विंडोज हार्ड डिस्कवर चालतं, पण लोकांचा जीव मेटाकुटीला येतो. जुन्या मशीनवर कुठे पैसे घालावेत असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर गेली कित्येक वर्षं एकच आहे: एसएसडी. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवता येते, त्याला क्लोनिंग म्हणतात. फॉन्ट, प्रिंटर, हिशेबाचं सॉफ्टवेअर, काहीही परत टाकावं लागत नाही. फक्त लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर आपलीच डिस्क आपल्यालाच उघडता येत नाही.

क्लोनिंगच्या आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. निळं गुड दिसलं तर ठीक. पिवळं कॉशन दिसलं, किंवा करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळीत रॉ व्हॅल्यूजच्या रकान्यात शून्याशिवाय दुसरं काही दिसलं, तर डिस्क मरणाच्या वाटेवर आहे असं समजा आणि दुसरं काहीही करण्याआधी डेटा बाहेर काढा. खटखट आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि परत चालू करून बघायच्या मोहात पडू नका.

सी ड्राइव्ह किती मोकळा आहे तेही बघा. वीस जीबीपेक्षा कमी असेल तर विंडोजला हातपाय हलवायला जागा नसते. विंडोजची पूर्ण आवृत्तीच बदलली असेल, समजा दहावरून अकरावर गेलात, तर जुनं विंडोज सी ड्राइव्हमध्ये विंडोज-ओल्ड नावाने पडून असतं आणि बरीच जागा अडवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून ते काढता येतं. पण थांबा. आवृत्ती बदलल्यावर १० दिवसांपर्यंत रिकव्हरीमध्ये गो बॅकचं बटण असतं, आणि ते याच फोल्डरच्या जिवावर चालतं. नवीन विंडोज पटतंय याची खात्री झाल्याशिवाय जुनं काढू नका. त्याच यादीत डाउनलोड्सची खूण असते, तिच्याकडे लक्ष द्या. ती चुकून राहिली तर तुमच्या फायलीही जातील.

विंडोज १० ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा माझ्याकडे चार जीबी रॅमची मशीनं अकरावर नेऊन मागणाऱ्यांची रांग लागली होती. कागदावर अकराला चार जीबी रॅम पुरते. प्रत्यक्षात ब्राउझरची पाच पानं उघडली की संपली. आठ करा. आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नसताना पळवाटेने अकरा टाकून घेतलं असेल तर ते मशीन हळू झाल्याचं खापर अपडेटवर फोडू नका.

बाकीची कारणं थोडक्यात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर ज्यांच्यापुढे हाय लिहिलंय आणि रोज लागत नाहीत ते डिसेबल करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, विशेषतः मुदत संपलेला. खिडकी सरकवताना स्क्रीन फाटल्यासारखी होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसलं तर खऱ्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, निघून गेलाय, तो मशीनच्या कंपनीच्या साइटवरून परत टाका. नाव बरोबर असेल पण त्रास अपडेटपासूनच असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर आहे.

तरीही नाही जमलं

मग विंडोजच्या फायली दुरुस्त करायच्या. स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडा. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. पहिली: डीआयएसएम, स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑनलाइन, स्पेस, तिरकी रेघ क्लीनअप-इमेज, स्पेस, तिरकी रेघ रिस्टोअरहेल्थ. क्लीनअप आणि इमेजमध्ये आडवी रेघ येते, रिस्टोअरहेल्थ एकच शब्द. इंटरनेट चालू हवं. टक्के मध्येच बराच वेळ अडकल्यासारखे वाटतात, खिडकी बंद करू नका. ती संपली की दुसरी: एसएफसी, स्पेस, तिरकी रेघ स्कॅननाऊ. क्रम हाच ठेवा, कारण दुसरी आज्ञा दुरुस्तीसाठी ज्या साठ्यातून फायली घेते तो साठा पहिली नीट करते.

एखादं ठरावीक अपडेटच नडतंय अशी खात्री असेल तर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स. तारखेवरून ओळखा, एकच काढा, रीस्टार्ट करा आणि एक आठवडा पॉज लावा. पण अपडेट कायमचं बंद करून देणाऱ्याचं ऐकू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातली मशीनं कुलूपबंद केली. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये, दोन महिने आधीच, आलेलं होतं. ज्या मशीनवर तुमचं बँकेचं काम चालतं तिथे थोडा हळूपणा परवडतो, उघडं दार परवडत नाही.

विंडोज ११ मध्ये शेवटचा एक उपाय आहे आणि तो फॉर्मॅटपेक्षा कितीतरी बरा. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट. रीइन्स्टॉल नाऊ दाबलं की विंडोज नव्याने बसतं, पण तुमच्या फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज जागेवर राहतात. एसएसडीवर तास-दोन तासांचं काम.

एक गोष्ट काळजीने सांगते. "तुमचा कॉम्प्युटर हळू झालाय, आम्ही कंपनीतून बोलतोय" असा फोन खरी कंपनी आपणहून करत नाही. असा फोन आला आणि स्क्रीन बघू देणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

दिवाणजींचं मशीन त्या दिवशी दुपारी सुरू झालं. कापूस काढला, पेस्ट लावली, तेच चार-पाच प्रोग्रॅम परत उघडले, आणि स्पीड ३.६० च्या वर गेली. पुढच्या महिन्यात मालकांनी एसएसडीला होकार दिला. जाताना मी कॅबिनेटच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली. अपडेट कधी आलं, त्या रात्री मशीन चालू ठेवलं का, पंखा शेवटचा कधी साफ केला, बॅकअप कधी घेतला. चार रकाने. तुम्हीही लावा. पुढच्या वेळी तक्रार घेऊन कुणाकडे गेलात तर त्याचं अर्धं काम ती चिठ्ठीच करेल.

परवा दुसऱ्या कामाला त्या कारखान्यात गेले तेव्हा ती वाचली. शेवटची ओळ दिवाणजींच्या अक्षरात आहे: "१२ तारीख, बुधवार. अपडेट आलं. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी रीस्टार्ट. बिलं वेळेत."